किंताला वाट बघते

निकासिओचा सूट सोमवार सकाळपासून माझ्या गाडीत लटकत होता. माझ्या गाडीत काहीही लटकवलं की त्याला तळणीचा वास लागतो. मी त्याला आधीच बजावलं होतं, "बाबा रे, ही चुरो तळायची गाडी आहे, नवरदेवाची वरात नाही. उभा जन्म हिच्यात तेल उकळलंय."

"मग बरंच आहे," तो म्हणाला. "देओलिंदाला तळलेलं आवडतं."

आता अशा माणसाला काय बोलणार? मी किल्ली फिरवली, जाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. जाडी म्हणजे माझी गाडी. पुढून पांढरी, मागून गंजलेली, दोन्ही बाजूंना लाल अक्षरांत 'लेआंद्राचे चुरो' लिहिलेली. लेआंद्रा मी, आणि चुरो म्हणजे पिठाच्या तळलेल्या, साखर भुरभुरलेल्या कांड्या. जत्रा जिथे तिथे मी, आणि मी जिथे तिथे रांग. शेजारच्या सीटवर मांडीवर नकाशा पसरून बेनिग्नो बसला होता, आणि मागे पिठाच्या पोत्यावर आपला सूट सांभाळत निकासिओ. आम्ही तिघं स्पेनमधल्या त्रुहियोच्या एकाच शाळेतले, एकाच बाकावरचे. आता तिघांचीही गुडघेदुखी एकाच डॉक्टरकडे.

निकासिओचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान. लग्न केलं नाही. आधी आईची सेवा, मग आईची आठवण, असं करत साठी उलटली. आणि मग गेल्या मे महिन्यात आमच्या चौकातल्या चीजच्या जत्रेत हा माणूस घसरला.

माझ्या डोळ्यांदेखत घसरला. माझ्या शेजारचाच ठेला देओलिंदाचा होता. पोर्तुगालहून आलेली, मारवांवची, विधवा, मेंढ्या पाळणारी, कमी बोलणारी बाई. तिने ह्याच्या हातावर चीजचा तुकडा ठेवला. ह्याने तो तोंडात टाकला, डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "एस्किसितो!" आमच्याकडे ह्याचा अर्थ अप्रतिम, तोड नाही. सरहद्दीच्या नदीपलीकडे त्यांच्या भाषेत तोच शब्द म्हणजे विचित्र, कसंतरीच. बाईने ह्याच्या हातातली बशीच हिसकावून घेतली. "कसंतरी लागतंय तर खाता कशाला?" मी इतकी हसले की माझा एक अख्खा घाणा करपला.

दुसरा असता तर लाजून घरी गेला असता. हा पठ्ठ्या हिवाळाभर नगरपालिकेच्या रात्रीच्या वर्गात जाऊन पोर्तुगीज शिकला. प्रमाणपत्र मिळालं ते चौकटीत घालून खिळ्यांच्या डब्यावर टांगलं. तेव्हापासून तो आम्हाला पोर्तुगीज शिकवायला लागला. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होतात म्हणजे कसे होतात, ते मी जवळून बघितलंय.

पण देओलिंदाने त्याला माफ केलं, हेही खरं. निरोप सुरू झाले. तिच्या मेंढ्यांच्या कुरणात फोन लागत नाही, निरोप पाठवायचा तर तिला टेकडीवर चढावं लागतं. म्हणून तिचे निरोप तारेसारखे छोटे. शब्द थोडे आणि फोटो मेंढ्यांचे. स्वतःचा एकही नाही. निकासिओ ते फोटो आम्हाला अशा कौतुकाने दाखवायचा की वाटावं, नातवंडं आहेत.

मग एके दिवशी त्याने धीर केला आणि लिहिलं, "मी तिकडे येऊ का? कायमचा?"

बरेच दिवस काही आलं नाही. निकासिओ वाळला. दुकानात गिऱ्हाईकाने स्क्रू मागितला तर हा कुलूप द्यायचा. आणि शनिवारी संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला, चेहरा असा की कोणीतरी वारलं असावं असंच मला वाटलं. त्याने फोन पुढे केला.

"किंताला वाट बघते. फाटक उघडं आहे."

"किंता म्हणजे?" मी विचारलं.

झालं! प्रमाणपत्र बोलायला लागलं. "पोर्तुगीज लोक वारांना नावं देत नाहीत, लेआंद्रा, आकडे देतात. सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा, बुधवार चौथा. किंता म्हणजे पाचवा. गुरुवार! गुरुवारी वाट बघते म्हणतेय ती!"

"आणि फाटक कसलं?"

"ते काव्य आहे," निकासिओ हळूच म्हणाला. "मनाचं फाटक."

बेनिग्नो तिथेच माझ्या स्वयंपाकघरात बसून माझी वाईन पीत होता. त्याने मान डोलावली. "पोर्तुगीज तसे हळवेच."

"पण यायचं कुठे ते लिहिलंच नाही," मी म्हटलं.

"कुठे म्हणजे? मारवांवच्या किल्ल्यात तिचं चीजचं दुकान आहे. दुसरीकडे कुठे?" आणि निकासिओने उलट निरोप पाठवूनही टाकला होता. "येतोच." एवढंच. तिच्यासारखंच थोडक्यात, म्हणून स्वतःवरच खूश.

आता खरं तर मारवांव आमच्यापासून लांब नाही. सकाळी निघालं तर जेवायला पोचता येतं. पण गुरुवारपर्यंत ह्या माणसाला घरात ठेवणं म्हणजे उकळत्या तेलावर झाकण ठेवणं. रविवारी दुपारपर्यंत त्याने दुकानाची किल्ली भाच्याच्या हवाली केली होती, मांजर शेजारणीला दिलं होतं आणि दोनदा दाढी केली होती. मग बेनिग्नोने नकाशा काढला. बेनिग्नो नगरपालिकेतून निवृत्त झालेला, आणि दगडवेडा. जुना दगड दिसला की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं.

"सरळ कशाला जायचं?" तो म्हणाला. "खालून जाऊ. मेरिदा, हेरेस, ओलिवेन्सा, मग नदी ओलांडून एल्वश, आणि गुरुवारी सकाळी मारवांव. त्याचा जीवही रमेल, आपलंही फिरणं होईल."

मलाही हुरूप आला. मी उभ्या आयुष्यात जिथे गेले तिथे तेल तापवायलाच गेले. नुसतं फिरायला म्हणून कधी नाही. मी म्हटलं, चला!

आणि काय मजा आली म्हणून सांगू! मेरिदाच्या रोमन नाट्यगृहात निकासिओ थेट रंगमंचावर जाऊन उभा राहिला आणि खणखणीत आवाजात तिचा निरोप वाचून दाखवला. "किंताला वाट बघते! फाटक उघडं आहे!" पायऱ्यांवर शाळेच्या मुली बसल्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बेनिग्नो खांबाला गाल लावून उभा होता, त्याला काही ऐकूच आलं नाही. हेरेसमध्ये बुरुजाखाली गाडी लावली तर पाटी वाचून लोक जमले आणि हलायलाच तयार होईनात. शेवटी मी तेल चढवलं. बेनिग्नोने कागदाचे कोन वळले, निकासिओने साखर भुरभुरली, आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला चुरोबरोबर तो निरोप फुकट ऐकवला. एक म्हातारा म्हणाला, "माझी बायको इतक्या वर्षांत एवढं कधी बोलली नाही." रात्री आम्ही आपापल्या चादरीत शिरलो तरी निकासिओ अंधारात हसत होता. मला त्याचं हसणं ऐकू येत होतं. मी मनात म्हटलं, देवा, ह्याचं होऊ दे. हे हुकलं तर हा परत त्या खिळ्यांच्या डब्यामागे जाऊन बसेल आणि मग कधीच उठणार नाही.

बुधवारी दुपारी आम्ही ओलिवेन्सात पोचलो. हे गाव आमचं. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी ते त्यांचं होतं, आम्ही घेतलं, आणि ते अजून विसरलेले नाहीत. गल्ल्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत, आणि जुनी माणसं घरात अजून त्यांचीच भाषा बोलतात. बेनिग्नो चर्चचे पिळाचे खांब बघायला पळाला. मी आणि निकासिओ मिठाईच्या दुकानात शिरलो, कारण तिथल्या बदामाच्या केकसाठी मी वाटेल तो दगड सोडायला तयार असते.

शेजारच्या टेबलावर एक आजीबाई होत्या. कानात मोती, ओठांना लाली, पुढ्यात केकचा हा एवढा तुकडा. निकासिओला तेवढंच निमित्त पुरलं.

"बाईसाहेब, तुम्हाला पोर्तुगीज येतं?"

"मला दुसरं काय येतं?" आजीबाई म्हणाल्या. "स्पॅनिश मी फक्त भांडायला वापरते."

ह्याने फोन पुढे केला. आजीबाईंनी चष्मा लावला, वाचलं आणि गोड हसल्या. "छान हो. कुणाची किंता?"

"कुणाची म्हणजे?" निकासिओ म्हणाला. "सगळ्यांचीच. गुरुवार सगळ्यांचाच असतो."

"गुरुवार कुठून आला मध्येच?"

"किंता म्हणजे गुरुवार ना!" निकासिओने खांदे सरळ केले. "मी शिकलोय."

"कुठल्या गाढवाने शिकवलं? किंता म्हणजे मळा. घर, विहीर, गोठा, झाडं. माझ्या आजोबांची होती नदीपलीकडे. मळ्यात वाट बघते, फाटक उघडं आहे. सरळ तर लिहिलंय पोरीने."

"पण किंता म्हणजे गुरुवारही होतो."

"होतो की." त्यांनी चष्मा काढला. "पण गुरुवारला फाटक असतं का रे?"

निकासिओच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी बघितलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, पडदा सोडावा तसं. माझ्या घशात केक अडकला.

"म्हणजे ती शनिवारपासून..." तो ताडकन उठला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मी ओरडले. "अरे मेल्या, दोन तासांच्या वाटेवर ती तुझी वाट बघत बसलीय आणि तू मेरिदात भाषण ठोकतोयस! फोन लाव! आत्ताच्या आत्ता लाव!"

मळ्यावर फोन लागेना. लागणारच नव्हता. मग त्याने दुकानात लावला. तिथे देओलिंदाची नणंद फेलिस्मिना बसते. तिने घेतला. निकासिओचा आवाज ऐकताच ती जी सुटली, ती थांबेचना. निकासिओला त्यातलं अर्धंही कळेना, तेव्हा आजीबाईंनी फोन काढून घेतला आणि कानाला लावला. अधूनमधून हं, हं केलं, एकदा "अरे देवा" म्हणाल्या, आणि मग आम्हाला सांगितलं.

"तुम्ही येतोच म्हणालात आणि आला नाहीत. ती समजली, मन बदललं. एकटीच्याने मेंढ्या होत नाहीत, तुम्ही येणार म्हणून ठेवल्या होत्या. आज तीनला ट्रक येतोय, सगळा कळप न्यायला, आणि मळ्यावर निरोप द्यायला हिच्याकडे ना गाडी ना माणूस. मग ती मुलाकडे जाणार, स्वित्झर्लंडला. कायमची."

माझ्या घड्याळात तेव्हाच दोन वाजत होते. तेवढ्यात बेनिग्नो खांब बघून, तृप्त होऊन आत आला. मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो मटकन बसला. "इथून मारवांव दोन तास. चार वाजणार. संपलं."

निकासिओ नुसता खुर्चीच्या पाठीला धरून उभा. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"घड्याळ!" मी म्हटलं. "अरे बैलांनो, घड्याळ! नदीपलीकडे एक तास मागे असतात ना ते! तिथे आत्ता एकच वाजलाय!"

आम्ही तिघंही एकदम दाराकडे धावलो आणि दारात अडकलो. आजीबाईंनी उरलेला केक कागदात गुंडाळून माझ्या मागे धाडला. वर ओरडून सांगितलं, "तिला म्हणावं, ओलिवेन्साच्या बाया अजून किंता विसरल्या नाहीत!"

जाडी जन्मात तशी पळाली नव्हती. तळणीचे झारे खणखणत होते, साखरेचा डबा लवंडला होता, आणि मी एक हात चाकावर नि एक हात हॉर्नवर ठेवून बसले होते. ग्वादियाना नदी आली. नव्या पुलाशेजारी तो जुना मोडका पूल, लढाईत उडवलेला, कमानी पाण्यात उभ्या. बेनिग्नोने काचेला नाक लावलं.

"फक्त एक मिनिट, लेआंद्रा..."

"उतरायचंय? उतर. मी थांबणार नाही."

त्याने नाक काचेवरून काढलं. पूल संपला आणि मी ओरडले, "मिळाला रे एक तास! आयता मिळाला!" बेनिग्नोही ओरडला. मागून निकासिओचा आवाज आला, पण तो ओरडला नव्हता, पडला होता. चालत्या गाडीत सूट घालायला गेला आणि पिठाच्या पोत्यावर आडवा झाला.

एल्वशच्या जुन्या जलवाहिनीच्या त्या उंच कमानी दिसायला लागल्या तसे बेनिग्नोने दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. "बघितलं तर मी उतरीन," तो म्हणाला. "संपल्या की सांग." चौकात लाल दिव्याला थांबावं लागलं, तर एक बाई खिडकीवर टकटक करून म्हणते, "अर्धा डझन द्या." मी म्हटलं, "बाई, आज तेल थंड आहे, डोकं गरम आहे." दिवा हिरवा झाला.

पोर्तालेग्रे मागे पडलं, डोंगर वर चढायला लागला. निकासिओ मागून पुढे वाकला होता. त्याचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

"लेआंद्रा," तो म्हणाला, "ती मला काय म्हणेल?"

"मला काय माहीत?"

"मी काय म्हणू?"

"काहीही म्हण, फक्त पोर्तुगीजमध्ये म्हणू नकोस!"

तो हसला, आणि मग मला त्याचा हुंदका ऐकू आला. मलाही भरून आलं. सांगायला लाज कसली? डोळे पुसायला हात रिकामा नव्हता, म्हणून तशीच चालवत राहिले.

फेलिस्मिनाने खूण सांगितली होती, पांढरे पट्टे मारलेली झाडं संपली की डावीकडे. झाडं आली, संपली, मी डावीकडे वळले. आत जेमतेम एका गाडीची वाट, दोन्ही बाजूंना दगडी गडगे. बेनिग्नोच्या बाजूचा आरसा गडग्याला घासत गेला. एक वळण घेतलं आणि मी करकचून ब्रेक मारला.

समोर ट्रक. दोन मजली, फळ्याफळ्यांचा, आणि फळ्यांमधून बाहेर आलेली नाकंच नाकं. मेंढ्या.

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. मी माझा दिला. त्याने डोकं बाहेर काढलं. मिशा, टोपी, लाल चेहरा. "मागे घे!"

"तूच घे!"

"माझ्यात मेंढ्या आहेत!"

"माझ्यात नवरदेव आहे!"

मी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि झग्याच्या गळ्यातून आत टाकली. आता काढ म्हणावं. तो शिव्या द्यायला लागला, त्याच्या भाषेत. मी दिल्या, माझ्या भाषेत. सरहद्दीवर बाकी काही कळलं नाही तरी शिव्या कळतात. बेनिग्नो खाली उतरला, कोट सारखा केला आणि मध्ये जाऊन उभा राहिला.

"मित्रहो, आपण शेजारी आहोत. सभ्य माणसांसारखं बोलू."

"शेजारी?" ट्रकवाला गरजला. "आधी आमचं ओलिवेन्सा परत द्या, मग शेजारी म्हणा!"

"घे!" मी खिडकीतून ओरडले. "आत्ता तिथूनच आलो. घे तुझं ओलिवेन्सा, चर्चसकट, खांबांसकट, हा केकसुद्धा घे! पण मागे हो!"

"लेआंद्रा!" बेनिग्नो पांढराफटक पडला. "तुला अधिकार काय गाव देण्याचा?"

ट्रकवाल्याची मिशी हलली. त्याला हसू येत होतं आणि ते त्याला नको होतं. तेवढ्यात निकासिओ गाडीच्या मागच्या दारातून उतरला. काळा सूट, निम्मा पिठाने पांढरा, केसांत साखर. तो कुणाकडेही न बघता ट्रकच्या फळ्यांपाशी गेला, आत डोकावला आणि ओरडला, "कोंदेसा!"

आतून एक मेंढी ओरडली. तुटक्या कानाची. तिने नाक फटीतून बाहेर काढलं.

"ही कोंदेसा," निकासिओ म्हणाला. "ही हिची पोर, गेल्या थंडीत झाली, पाय वाकडा होता. आणि ती मागची काळी तोंडाची, ती विहिरीत पडली होती..." हे सगळं त्याला फोटोंवरून पाठ होतं.

ट्रकवाला खाली उतरला. टोपी काढली. "म्हणजे तो स्पॅनिश तू?"

"मी."

"चार दिवस सगळा गाव तुझ्या नावाने बोटं मोडतोय, माहीत आहे?"

आणि मग घंटा वाजल्या. ट्रकमागून, वाटेच्या वरच्या बाजूने. मेंढ्या विकल्या की त्यांच्या गळ्यातल्या घंटा धनगरीण काढून ठेवते, त्या विकायच्या नसतात. देओलिंदा त्या सगळ्या ओच्यात घेऊन येत होती, रबरी बूट, गवताची टोपी, आणि प्रत्येक पावलाला खणखणाट. बहुधा हॉर्न ऐकून निघाली असावी. ट्रक आणि गडगा ह्यांच्या फटीतून ती अंग चोरून पुढे आली आणि निकासिओला बघून थांबली. घंटाही थांबल्या.

आमचे सगळ्यांचे डोळे तिच्याकडे. मेंढ्यांचेसुद्धा.

"शनिवारपासून फाटक उघडं ठेवलंय मी," ती म्हणाली. "त्यातून दोन कोकरं पळून गेली. तू काही आला नाहीस."

पाठ केलेलं सगळं पोर्तुगीज निकासिओला त्या क्षणी सोडून गेलं. तो आमच्याच भाषेत म्हणाला, "मला वाटलं, किंता म्हणजे गुरुवार."

ती त्याच्याकडे बघत राहिली. पीठ, साखर, सूट, सगळं नीट बघितलं. मग माझ्या जाडीकडे बघितलं. मग परत त्याच्याकडे.

"आज वार कुठला?" तिने विचारलं.

"बुधवार."

"मग तू एक दिवस आधीच आलास," ती म्हणाली, आणि ओच्यातल्या घंटा त्याच्या हातात ओतायला लागली. "धर. नीट धर, पडतील."

बेनिग्नो माझ्या खिडकीशी येऊन नाक शिंकरायला लागला. मी तरी काय, चुरोच्या फडक्याने डोळे पुसले आणि डोळ्यांत साखर गेली.

ट्रकवाल्याने हात वर केले. "बाई, मी दिवसभराचा वेळ काढून आलोय."

"दरवर्षी नेतोस तशी नर कोकरं ने," देओलिंदा म्हणाली. "आयांना उतरव. कळप राहतोय."

"मला मागे घेता येत नाही हो, वाट बघा किती अरुंद!"

"मी दाखवते!" मी म्हटलं. किल्ली तशीच ठेवून खाली उतरले, ट्रकच्या मागे गेले आणि हात हलवत, ओरडत, शिव्या देत त्याला एकेक वीत मागे नेला. सगळी वाट तो ट्रक उलटा गेला, मेंढ्या ओरडत, निकासिओ घंटा वाजवत बाजूने, आणि देओलिंदा पुढे. मळ्याचं फाटक निळं होतं, सताड उघडं, आणि त्याच्या पायाशी गवत वाढलं होतं. ट्रक आत गेला. फळी पडली. पहिली कोंदेसा उतरली, आणि ती सरळ निकासिओच्या खिशाचा वास घ्यायला लागली, तिथे पीठ होतं म्हणून.

नर कोकरं घेऊन ट्रक निघाला, तेव्हा त्याला वाट द्यायला मी आणि बेनिग्नो जाडी हलवायला बाहेर आलो. मी जाडी थोडी मागे घेऊन एका खळग्यात कोंबली. ट्रकवाल्याने जाताना टोपी हलवली. "ओलिवेन्सा कबूल केलंस हं! विसरू नकोस!"

आम्ही चालत परत फाटकाशी येतच होतो, तर आतून देओलिंदाचा आवाज आला. "बघतोस काय? कळप आत आलाय. फाटक लाव आता."

निकासिओने लावलं. दोन्ही हातांनी, सावकाश, कडी घातली, खुंटी ठोकली, हलवून बघितलं. खिळ्या-बिजागऱ्यांचा माणूस तो, कसं लावायचं ते त्याला कुणी शिकवायला नको. एवढं मन लावून त्याने ते लावलं, की आम्ही दोघं बाहेर आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं.

"अरे गाढवा!" मी फाटकावर मूठ आपटली. "आम्ही बाहेर राहिलो! आमचं काय?"

आतून आधी नुसत्या घंटा वाजल्या. मग देओलिंदा हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना ऐकलं, खणखणीत, पोरीसारखं.

"तुम्ही किंताला या!" ती ओरडली.

"किंताला म्हणजे? मळ्याला?"

"नाही!" आतून दोघंही एकदम ओरडले. "गुरुवारी!"

मग आम्ही गुरुवारी गेलो.